पाणी सर्वांचें, राखण कोणाची?

‘तळें राखी तो पाणी चाखी’ ही म्हण मराठींत बहुधा उपहासानें वापरली जाते. राखणदार आपल्या वाट्याच्या चार ओंजळी अधिक घेणारच, एवढाच तिचा रोख असतो. पण असें एखादें तळें कल्पावें कीं ज्याचें पाणी सगळा मुलूख पितो, ज्याला कुंपण नाहीं, पट्टी नाहीं, पहारा नाहीं. आणि ज्याचा बांध मात्र थोडीं माणसें आपापला चरितार्थ सांभाळून, वेतनावांचून, रात्रीं-अपरात्रीं दुरुस्त करीत असतात. तेथें म्हण उलटी होते. चाखणारे कोट्यवधि, राखणारे मोजके. संगणकाच्या जगांत असें एक तळें गेल्या चाळीस वर्षांत निर्माण झालें आहे. मुक्त संचालन-प्रणाली हें त्याचें नांव. तें कसें खणलें गेलें, त्याचें पाणी कसें वापरावें, आणि सन २०२४ च्या मार्च महिन्यांत त्याच्या बांधाला पडलेलें भगदाड कोणाच्या दृष्टीस कसें पडलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणक हें शेवटीं धातूचें व काचेचें यंत्र. त्याला चालना देणारी जी मूळ आज्ञांची व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम, मराठींत संचालन-प्रणाली, असें म्हणतात. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्यासारखें तिचें काम असतें. कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृति द्यावयाची, कळफलकावरचें अक्षर कोणाकडे पोंचवावयाचें, कोणती फाईल कोणीं उघडावी व कोणीं उघडूं नये, याचा निवाडा क्षणोक्षणीं तीच करते. धनी बाहेरगांवीं असला तरी कारभारी वाड्यांतच असतो. म्हणून वाडा खरोखर कोणाच्या हातीं आहे हें ठरवावयाचें तर धन्याच्या नांवापेक्षां कारभाऱ्याच्या इमानाकडे पाहावें लागतें.

ही व्यवस्था माणसें लिहितात, आणि माणसांना वाचतां येईल अशाच भाषेंत लिहितात. या लिखाणाला सोर्स कोड किंवा मूळ संहिता म्हणतात. पुढें तिचें रूपांतर यंत्राला कळणाऱ्या अंकांत होतें. त्या अंकांवरून मूळ लिखाण उलगडणें अत्यंत कष्टाचें असतें. जो व्यापारी केवळ अंकरूप विकतो, तो जणूं पक्वान्न विकतो आणि त्याची कृति कुलुपांत ठेवतो. घेणाऱ्याला तें खातां येतें. पण मीठ अधिक झालें तर कमी करतां येत नाहीं, आणि आंत काय घातलें आहे हेंही पाहतां येत नाहीं.

संगणकाच्या प्रारंभकाळीं हीं कुलुपें फारशीं नव्हतीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम-बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे सन १९७१ पासून काम करीत असत. एकानें लिहिलेली संहिता दुसऱ्यानें वाचावी, सुधारावी व तिसऱ्याला द्यावी, असाच तेथील रिवाज होता. प्रयोगशाळेंतील जुन्या छपाईयंत्रांत कागद अडकला कीं वाट पाहणाऱ्या माणसाच्या पडद्यावर तशी सूचना उमटावी, अशी सोय स्टॉलमन यांनीं संहितेंत फेरफार करून साधली होती. पुढें नवें लेझर छपाईयंत्र आलें. कागद त्यांतही अडके. परंतु त्याची संहिता मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठांतील एका गृहस्थाजवळ ती होती. पण कोणासही न देण्याच्या करारानें त्यांचे हात बांधले गेले होते. स्टॉलमन यांना यांत केवळ गैरसोय दिसली नाहीं. शेजाऱ्याला मदत करणार नाहीं असें वचन देऊन मिळणारी वस्तु घेऊं नये, हा निश्चय त्यांनीं त्यांतून काढला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं ‘ग्नू’ नांवाची संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, १९८४ च्या जानेवारींत नोकरी सोडली, आणि १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाऊंडेशन ही संस्था स्थापिली.

या चळवळीनें वापरणाऱ्याचीं चार स्वातंत्र्यें सांगितलीं. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूनें चालविण्याचें. त्याची संहिता अभ्यासून तींत बदल करण्याचें. त्याच्या प्रती दुसऱ्यास देण्याचें. आणि आपण सुधारलेली प्रतही वांटण्याचें. इंग्रजींतील ‘फ्री’ या एकाच शब्दानें मुक्त व फुकट असे दोन्ही अर्थ होत असल्यामुळें तिकडे या विषयावर पुष्कळ शाई खर्च झाली. १९९८ सालीं ‘ओपन सोर्स’ हा दुसरा शब्द पुढें आला त्याचें एक कारण हाच घोटाळा. मराठीला ही अडचण नाहीं. ‘मुक्त’ वेगळें आणि ‘फुकट’ वेगळें, हें येथें शब्दांतच स्पष्ट आहे. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकतां येतें. त्याबरोबर कुलूप मात्र विकतां येत नाहीं. १९८९ सालीं निघालेल्या जनरल पब्लिक लायसन्स या परवान्यानें तशी कायदेशीर तजवीज केली. ज्याला हीं स्वातंत्र्यें मिळालीं, त्यानें आपली प्रत पुढें देतांना तींच स्वातंत्र्यें घेणाऱ्यासही दिलीं पाहिजेत, ही त्याची मुख्य अट.

ग्नूचीं बहुतेक अवजारें सिद्ध झालीं. परंतु प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो तयार होईना. तो एका विद्यार्थ्याकडून आला. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स यांचें वय तेव्हां एकवीस वर्षांचें होतें. आपण हौसेखातर एक लहानशी प्रणाली लिहीत आहों, ती ग्नूसारखी मोठी होणार नाहीं, असें त्यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें. सप्टेंबरांत आलेल्या पहिल्या आवृत्तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या. १९९२ सालीं त्यांनीं ती ग्नूच्याच परवान्याखालीं आणली, आणि ‘लिनक्स’ सर्वांचा झाला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्यें हाच गाभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें महासंगणकांच्या यादींतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

पण नुसत्या गाभ्यानें घर चालत नाहीं. गाभा, अवजारें, लेखनाचे व चित्रांचे कार्यक्रम, अक्षरांचे संच, हें सारें जुळवून सामान्य माणसाच्या हातीं द्यावें लागतें. अशा जुळवणीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. तींतील एक अत्यंत जुनी व आदरणीय जुळवणी म्हणजे डेबियन. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनीं १६ ऑगस्ट १९९३ रोजीं तिचा आरंभ केला. ‘डेब्रा’ या आपल्या प्रेयसीच्या नांवाचा व आपल्या नांवाचा सांधा जुळवून त्यांनीं हें नांव बनविलें. डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाहीं. जगभर पसरलेले तिचे सभासद दरवर्षीं मतदानानें आपला प्रमुख निवडतात. १९९७ सालीं त्यांनीं एक ‘सामाजिक करार’ मान्य केला. प्रणाली सदैव मुक्त राहील, आम्ही दोष लपविणार नाहीं, आणि वापरणाऱ्यांचें हित आम्ही अग्रभागीं ठेवूं, अशीं वचनें त्यांत आहेत. आज तिच्या भांडारांत साठ हजारांहून अधिक पुडकीं आहेत. उबुंटू ही लोकप्रिय प्रणाली २००४ सालीं याच भांडाराच्या आधारें उभी राहिली.

डेबियनचे तीन प्रवाह आहेत. पेशवाईंत कात्रजहून पुण्यास पाणी येई, तेव्हां गाळ मागें बसून निवळ पाणी पुढें जावें अशी योजना होती. तशीच कांहींशी ही व्यवस्था आहे. नवें पाणी प्रथम ‘अस्थिर’ प्रवाहांत येतें. त्याचें टोपणनांव सिड. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें हें नांव होय. डेबियनच्या सर्व आवृत्त्यांचीं नांवें त्याच चित्रमालिकेंतील पात्रांवरून ठेवतात. कांहीं दिवस गंभीर दोष न आढळल्यास पुडकें ‘चांचणी’ प्रवाहांत उतरतें. सुमारें दोन वर्षांनीं तो प्रवाह गोठवून, शक्य तितके दोष काढून, ‘स्थिर’ आवृत्ति प्रसिद्ध होते. ज्याला केवळ आपलें काम निर्वेधपणें करावयाचें आहे त्यानें स्थिर घ्यावी. ज्याला नवीनाची हौस आहे, आणि मोडल्यास जोडण्याची तयारीही आहे, त्यानें सिडशीं मैत्री करावी. सिड वापरणारे हे लोक थोडे असतात; पण पहिला गाळ त्यांच्याच घशाखालीं जातो, म्हणून पुढच्यांना निवळ पाणी मिळतें. या गोष्टीचें महत्त्व पुढील वृत्तांतावरून कळेल.

‘एक्सझेड’ नांवाचें एक छोटेखानी सॉफ्टवेअर आहे. फायली दाबून लहान करणें व पुन्हां उलगडणें, एवढेंच त्याचें काम. तें इतकें उपयोगी कीं बहुतेक सर्व लिनक्स जुळवण्यांत तें असतें. आणि इतकें अप्रसिद्ध कीं वापरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना त्याचें नांव ठाऊक असे. लासे कोलिन हे फिनलंडचे गृहस्थ वर्षानुवर्षें जवळजवळ एकट्यानें त्याची देखभाल करीत होते. सन २०२१ पासून ‘जिया टॅन’ असें नांव धारण करणारी एक व्यक्ति त्यांना सुधारणा पाठवूं लागली. सुधारणा चांगल्या होत्या. २०२२ सालीं आणखी कांहीं अपरिचित नांवें पुढें आलीं. काम फार मंद चाललें आहे, नव्या माणसाच्या हातीं अधिकार द्यावेत, असा तगादा त्यांनीं लाविला. कोलिन यांनीं उत्तर दिलें कीं आपली आस्था गेलेली नाहीं, पण शक्ति मर्यादित आहे; आणि हें बिनवेतन हौसेचें काम आहे हेंही ध्यानांत असावें. पुढें जिया टॅन यांस अधिकार मिळाले. थकलेल्या माणसानें मदतीचा हात धरला, यांत त्याचा दोष काढणें कठीण आहे. ज्यांच्या कोठ्यवधि रुपयांच्या उलाढाली त्या बांधावर उभ्या होत्या, त्यांपैकीं कोणी दुसरा हात पुढें केला नव्हता.

फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्यें एक्सझेडच्या दोन नव्या आवृत्त्या आल्या. त्यांत एक चोरदरवाजा होता. त्याचा मुख्य भाग चांचणीसाठीं ठेवलेल्या, वरकरणी निरुपद्रवी अशा फायलींत दडविलेला होता. तो बाहेर काढून जुळविणारी आज्ञा सर्वांस दिसणाऱ्या मूळ भांडारांत नव्हतीच. ती केवळ प्रसिद्धीसाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत घातली होती. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्याची एसएसएच नांवाची जी सेवा असते, ती डेबियन व अन्य कांहीं जुळवण्यांत आडवळणानें एक्सझेडशीं बांधलेली होती. त्यामुळें ज्याच्याजवळ ठरावीक गुप्त किल्ली असेल त्याला त्या संगणकावर आपल्या आज्ञा चालवितां आल्या असत्या. हें पाणी स्थिर प्रवाहांत उतरलें असतें, तर जगांतील असंख्य सेवायंत्रांच्या किल्ल्या एका अज्ञाताच्या कमरेला लागल्या असत्या. तें पाणी तेव्हां सिडमध्यें व चांचणी प्रवाहांत आलें होतें.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्त माहितीसंचय-प्रणालीचे एक रचनाकार. नोकरीनें ते मायक्रोसॉफ्ट कंपनींत होते. पोस्टग्रेसच्या वेगाचें सूक्ष्म मापन करण्यासाठीं त्यांनीं सिडवर चालणारा एक संगणक शांत करून ठेविला होता. त्यांना आढळलें कीं एसएसएचच्या प्रवेशाला पूर्वीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे, आणि निष्फळ ठरलेले प्रवेशही यंत्राची बरीच शक्ति खात आहेत. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याचाच काळ. दुसऱ्या कोणीं खांदे उडविले असते. फ्रॉइंड यांना कांहीं आठवड्यांपूर्वीं आपोआप होणाऱ्या चांचण्यांत दिसलेली एक विचित्र तक्रार आठवली. त्यांनीं धागा धरला, आणि ओढीत ओढीत ते एक्सझेडपर्यंत पोंचले. २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं आपला शोध सर्वांसमोर मांडला. डेबियन व इतर जुळवण्यांनीं त्या आवृत्त्या तांतडीनें मागें घेतल्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला धक्काही लागला नाहीं. जिया टॅन या नांवाआड कोण होतें, हें अद्यापि उजेडांत आलेलें नाहीं.

या प्रसंगावर दोन पक्षांनीं दोन निकाल दिले. एक पक्ष म्हणाला, दार उघडें ठेवलें म्हणून चोर शिरला. दुसरा म्हणाला, दार उघडें होतें म्हणूनच चोर सांपडला. दोहोंतही अर्धें अर्धें सत्य आहे. फ्रॉइंड हे एक्सझेडचे सेवक नव्हते. तिच्या संहितेंत डोकावण्यास त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. बंदिस्त प्रणालींत त्यांचा धागा पहिल्याच कुलुपापाशीं तुटला असता. हा मुक्ततेचा गुण निर्विवाद आहे. परंतु संहिता वाचतां येणें वेगळें आणि ती कोणी तरी वाचणें वेगळें. २०१४ च्या एप्रिलमध्यें उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्यें सुमारें दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. जगाचे व्यवहार ज्यावर विसंबून होते, त्याची राखण तेव्हांही मूठभर माणसेंच तुटपुंज्या देणग्यांवर करीत होतीं. परवाना हक्क देतो. राखण देत नाहीं. ती माणसांनींच द्यावी लागते.

मराठी वाचकालाही हा धडा दूरचा नाहीं. डेबियन संगणकावर बसविणारा कार्यक्रम मराठींतून बोलतो. ग्नोम व केडीई या मुक्त पटलांचे मराठी अनुवाद झाले आहेत. ‘लोहित’ या मुक्त अक्षरसंचांत देवनागरी आहे. मराठींत बाजारपेठ किती, याचा हिशोब एखाद्या कंपनीनें मांडून होईपर्यंत थांबण्याची यांत गरज पडली नाहीं. ज्यांना भाषेची आस्था होती ते कामास लागले. पण प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ति नवीं वाक्यें घेऊन येते. तीं कोणीं अनुवादिलीं नाहींत तर मराठी पटलावर मधूनमधून इंग्रजी डोकावूं लागते, आणि कांहीं वर्षांत पटल पुन्हां परभाषेचें होऊन बसतें. एकदां केलेलें भाषांतर म्हणजे एकदां झाडलेलें अंगण. दुसऱ्या दिवशीं पुन्हां झाडावेंच लागतें. केरळांत सरकारी शाळांनीं आपलें संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेलें आणि तें टिकवून धरलें. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्यें त्याच प्रांतांत, कोची येथें भरली.

सामान्य माणसानें यांत काय करावें, हा प्रश्न उरतो. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यावर हा प्रश्न अनेक घरांत, शाळांत व छोट्या कचेऱ्यांत उभा राहिला. कारण पुष्कळसे धडधाकट संगणक नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहींत. त्यांना मुक्त प्रणाली नवें आयुष्य देऊं शकते. मात्र तिच्याविषयींही भाबडेपणा नसावा. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेली डेबियनची तेरावी आवृत्ति अगदीं जुन्या, बत्तीस बिटांच्या सामान्य संगणकांवर नव्यानें बसवितां येत नाहीं. तेव्हां आपलें यंत्र प्रथम पाहावें. आपल्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. प्रणाली यूएसबीवर घेऊन, संगणकांतील मूळ व्यवस्थेला हात न लावतां, ती चालवून पाहण्याची सोय असते. छपाईयंत्र चालतें कीं नाहीं, मराठी कळफलक बसतो कीं नाहीं, हें तीवर तपासावें. मग स्थिर आवृत्ति बसवावी, आणि सुरक्षेच्या सुधारणा येतील त्या आळस न करतां घ्याव्या.

एवढें केलें म्हणजे तो पाणी चाखणारा झाला. राखणारा होण्यास याहून फार थोडें अधिक लागतें. कांहीं बिघडलें तर ‘चालत नाहीं’ एवढेंच न म्हणतां काय केलें असतां काय झालें, आवृत्ति कोणती, संदेश कोणता, हें नीट लिहून राखणदारांस कळवावें. नव्या आवृत्तीबरोबर येणारें निवेदन वाचावें. चार वाक्यें मराठींत आणावीं. ज्या शाळेचा किंवा दुकानाचा परवान्याचा खर्च वांचला, तिनें त्यांतील कांहीं अंश देणगी म्हणून द्यावा. आणि बिनवेतन राबणाऱ्यास पत्र लिहावयाचें झालें तर त्यांत तगाद्यापेक्षां सौजन्य असावें. तगाद्याचा उपयोग कोणीं कशासाठीं केला, हें वर आलेंच आहे.

फ्रॉइंड यांनीं तो अर्धा सेकंद पाहिला तेव्हां ते चोर शोधावयास निघाले नव्हते. ते आपलें नेहमींचें काम नेहमींच्या काळजीनें करीत होते, आणि सिडचें गढूळ पाणी पुढच्यांच्या आधीं पीत होते. बांधावरून रोज फेरी मारणाऱ्यालाच पहिली ओल दिसते. तळें सर्वांचें आहे, म्हणून फेरीही सर्वांची आहे; आणि ज्याला जेवढा पल्ला झेपेल तेवढा त्यानें चालावा, एवढीच या तळ्याची पट्टी आहे.